अपोस्टिल : परदेशात राहणाऱ्या कुटुंबाच्या नजरेतून एका सरकारी सेवेचे परीक्षण

आई-वडील एका देशाचे नागरिक, मुलाचा जन्म दुसऱ्या देशात आणि सध्याचे वास्तव्य तिसऱ्याच देशात, अशी स्थिती असलेल्या कुटुंबाला निवास परवान्याचे नूतनीकरण, अवलंबितांचा व्हिसा, कायम वास्तव्याचा अर्ज किंवा नागरिकत्वाची मागणी यांपैकी काहीही करायचे झाले, की एक अट बहुतेक वेळा समोर येते : परदेशी दाखला मूळ प्रतीत आणि त्याच्या अस्सलपणाच्या सरकारी पुराव्यासह सादर करावा. असा पुरावा देणारी आणि देशोदेशी मान्यता असलेली सेवा म्हणजे अपोस्टिल. आमच्या घरातल्या जन्म, विवाह, शिक्षण आणि चारित्र्य यांच्या दाखल्यांसाठी गेली काही वर्षे आम्ही ती एकाहून अधिक देशांच्या कार्यालयांकडून घेत आलो आहोत आणि त्या वापरातून बनलेले मत येथे सविस्तर मांडत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही सेवा आपले नेमून दिलेले काम अतिशय चोख करते. मात्र ते काम फार मर्यादित आहे, आणि ती मर्यादा अर्जदारालाच नव्हे, तर कागद स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. कुटुंबांची बहुतांश ओढाताण त्यातून होते.

या सेवेचे मोल कळण्यासाठी ती नव्हती तेव्हा काय करावे लागे, हे पाहिले पाहिजे. एका देशाचा जन्मदाखला दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर आधी स्थानिक अधिकाऱ्याची, मग वरिष्ठ खात्याची, मग परराष्ट्र मंत्रालयाची, त्यानंतर ज्या देशात कागद द्यायचा त्या देशाच्या वकिलातीची, आणि काही ठिकाणी तिथे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचीही सही घ्यावी लागे. प्रत्येक सही तिच्या आधीच्या सहीला दुजोरा देत असे. ही साखळी तोडण्यासाठी हेग येथील आंतरराष्ट्रीय खासगी कायदा परिषदेत ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार झाला आणि तो २४ जानेवारी १९६५ पासून अमलात आला. आज सव्वाशेच्या आसपास देश त्यात आहेत. भारतात तो १४ जुलै २००५ पासून, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. सदस्य देशाने दिलेल्या सार्वजनिक दस्तऐवजावर त्याच देशाच्या सक्षम कार्यालयाने एक प्रमाणपत्र, म्हणजेच अपोस्टिल, जोडले, की दुसऱ्या सदस्य देशाला त्यापलीकडे सहीशिक्क्यांचा आग्रह धरता येत नाही. कराराच्या नवव्या कलमाने तर अशा कागदांवर आपल्या वकिलातींनी पुन्हा साक्षांकन करू नये यासाठी आवश्यक पावले उचलण्याची जबाबदारीच सदस्य देशांवर टाकली आहे. ज्यांनी जुन्या साखळीतून कागद नेलेला आहे, त्यांना ही सुधारणा किती मोठी आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रमाणपत्राची रचना हा या सेवेचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. करारालाच त्याचा नमुना जोडलेला आहे : प्रत्येक बाजू किमान ९ सेंटिमीटर असलेला चौकोन, त्यावर ठरावीक फ्रेंच शीर्षक आणि खाली १ ते १० अशा क्रमांकित नोंदी. देश कोणता, सही कोणाची, त्याने ती कोणत्या अधिकाराने केली, शिक्का कोणत्या कार्यालयाचा, प्रमाणित कुठे, कधी, कोणी केले, प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि शेवटी मोहोर व सही. मजकूर कोणत्याही भाषेत असला तरी नोंदींचा क्रम तोच राहत असल्याने, ती भाषा न येणाऱ्या अधिकाऱ्यालाही आठव्या जागी क्रमांक आणि सहाव्या जागी तारीख आहे हे कळते. साठ वर्षांपूर्वी, कार्यालयांत संगणक रुळलेला नसताना, इतका काटेकोर आणि भाषेवर कमीत कमी अवलंबून असलेला नमुना तयार झाला आणि तो आजही न बदलता चालतो, याबद्दल तो घडवणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. कागद हातात मिळताच या दहा नोंदी मूळ दाखल्याशी ताडून पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. विशेषतः दुसरी आणि तिसरी नोंद, म्हणजे सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा. दाखल्यावर एका निबंधकाची सही आणि प्रमाणपत्रात दुसऱ्याचे नाव असेल, तर तो कागद पुढे निरुपयोगी ठरतो आणि दुरुस्ती करून घेण्याची योग्य वेळ खिडकीवरून हलण्यापूर्वीच असते.

आता मर्यादा. पाचव्या कलमानुसार अपोस्टिल फक्त तीन गोष्टींची ग्वाही देते : सही खरी आहे, सही करणाऱ्याला त्या हुद्द्याचा अधिकार आहे, आणि कागदावर शिक्का असल्यास तो त्याच कार्यालयाचा आहे. दाखल्यातला मजकूर खरा आहे की नाही, यावर ती एक शब्दही बोलत नाही. कार्यालयातला अधिकारी बाळाची जन्मतारीख तपासत नाही. तो आपल्याकडे नमुन्यादाखल ठेवलेल्या सह्यांशी दाखल्यावरची सही जुळवून पाहतो. म्हणून जन्मदाखल्यात आईच्या नावातले एक अक्षर चुकलेले असेल, तर अपोस्टिल लागल्यानंतरही ते चुकलेलेच राहते, आणि आता ती चूक असलेला कागद अधिकृतपणे परदेशी फायलीत जाऊन बसतो. स्थलांतर कार्यालयाचा कर्मचारी पारपत्रातले नाव आणि दाखल्यातले नाव अक्षर-अक्षर जुळवतो. विवाहानंतर बदललेले आडनाव, मधले नाव असणे-नसणे, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना बदललेले स्पेलिंग, यांपैकी कोणतीही तफावत सहीच्या प्रमाणपत्राने भरून निघत नाही. तिला जोडणारा स्वतंत्र कागद लागतो : विवाहाचा दाखला, नाव बदलल्याचा आदेश किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आणि मग त्या कागदालाही स्वतःचे अपोस्टिल लागते. त्यामुळे दुरुस्ती आधी आणि अपोस्टिल नंतर, हा क्रम कुटुंबाने कधीही उलटू नये. आमच्या कामात मदत करणाऱ्या एका मध्यस्थाने, त्याचे नाव येथे देत नाही, ‘एकदा हे लागले की कागदाला कोणी हरकत घेत नाही’ असे ठामपणे सांगितले होते. असे आश्वासन देणारा मध्यस्थ एकतर नियम जाणत नाही किंवा ग्राहकाला तो कळावा अशी त्याची इच्छा नसते.

कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीची बाब म्हणजे अपोस्टिल कोणाकडून घ्यायचे. एकट्या माणसाचे सगळे कागद बहुधा एकाच देशातले असतात, म्हणून त्याला हा प्रश्न फारसा छळत नाही. कुटुंबाचे तसे नसते. नियम स्वच्छ आहे : दस्तऐवज ज्या देशाच्या अधिकाऱ्याने दिला, त्याच देशाचे सक्षम कार्यालय त्यावर अपोस्टिल देऊ शकते. अर्जदाराचे नागरिकत्व कोणते आणि तो सध्या राहतो कुठे, यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे आईचा जन्मदाखला तिच्या जन्मदेशाकडे, लग्न ज्या देशात नोंदवले त्याचा दाखला त्या देशाकडे, थोरल्याचा जन्म नोकरीच्या पहिल्या देशात झाला असेल तर त्याचा दाखला तिकडे आणि धाकटीचा आणखी कुठे. पूर्वी काही काळ दुसऱ्या एखाद्या देशात वास्तव्य झाले असेल तर तिथल्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही मागितला जाऊ शकतो आणि तोही परत त्याच देशात पाठवावा लागतो. एका अर्जासाठी हे सगळे कागद एकाच सुमारास हातात असावे लागतात. येथे सेवेला दोष देता येत नाही, कारण परक्या देशाच्या निबंधकाची सही ओळखण्याचे साधनच दुसऱ्या देशाकडे नसते. पण हे तर्कशास्त्र कुठल्याही कार्यालयाच्या माहितीपत्रकात सरळ शब्दांत लिहिलेले मला आढळले नाही, आणि ते लिहायला हवे होते.

यातच एक असा अपवाद आहे की जो नेमका परदेशस्थ कुटुंबांनाच बाधतो. कराराच्या पहिल्याच कलमाने राजनैतिक किंवा वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी केलेले दस्तऐवज त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. परदेशात मूल जन्मले, की अनेक पालक आपल्या देशाच्या वकिलातीत त्याची नोंद करतात आणि तिथे मिळालेला जन्मनोंदीचा दाखला हाच मुलाचा मुख्य कागद समजून जपतात. नागरिकत्वासाठी तो महत्त्वाचा असतो, यात शंका नाही. पण त्यावर हेग करारानुसार अपोस्टिल मिळत नाही. युरोपातल्या काही देशांनी अशा वकिलाती कागदांसाठी ७ जून १९६८ रोजी लंडन येथे स्वतंत्र करार केला आहे, तो त्यांच्यापुरता. इतरांनी मुलाचा जन्म ज्या गावात झाला तिथल्या स्थानिक निबंधकाचा दाखलाही घेऊन ठेवावा, आणि तो देश सोडण्यापूर्वी त्यावर अपोस्टिल करून घ्यावे. एकदा तिथून बाहेर पडले, की तिथला पत्ता, तिथली भाषा, तिथले बँक खाते यांपैकी काहीच उरत नाही आणि एका कागदासाठी ओळखीपाळखीच्या माणसांना विनवण्या कराव्या लागतात. या परीक्षणातून वाचकाने एकच सल्ला उचलायचा असेल, तर तो हाच उचलावा, असे मला वाटते.

सेवेची गुणवत्ता देशागणिक पुष्कळ बदलते, कारण करार प्रमाणपत्राचा नमुना ठरवतो, ते देण्याची पद्धत ठरवत नाही. कोणती कार्यालये सक्षम असतील हे प्रत्येक देशाने ठरवायचे असते. अमेरिकेत एखाद्या राज्याच्या निबंधकाने दिलेल्या जन्मदाखल्यावर त्याच राज्याचे कार्यालय अपोस्टिल देते, तर संघराज्याच्या खात्याने दिलेल्या कागदासाठी परराष्ट्र विभागाकडे जावे लागते. त्यामुळे दोन मुले दोन राज्यांत जन्मली असतील तर वाटाही दोन होतात. भारतात अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देते, पण त्याआधी राज्य पातळीवर किंवा अन्य नेमलेल्या ठिकाणी पूर्वसाक्षांकन घ्यावे लागते. अशी बहुस्तरीय रचना कराराच्या विरुद्ध नाही, परंतु त्याच्या हेतूला ती मारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे : बाहेरची साखळी तुटली आणि तिच्या काही कड्या घरात आल्या. ज्या देशांत निबंधकांच्या सह्यांचा संग्रह थेट अपोस्टिल देणाऱ्या कार्यालयाकडेच असतो, तिथे हे काम एका टप्प्यात होते, आणि तो आदर्श मानायला हवा.

जुन्या कागदांबाबत मात्र सगळीकडे सारखाच अनुभव येतो. करार लागू होण्यापूर्वी दिलेल्या दाखल्यावरही अपोस्टिल देता येते, ही चांगली सोय आहे. आजी-आजोबांच्या जन्मावरून किंवा विवाहावरून वंशसिद्धी करायची असलेल्यांना तिचा उपयोग होतो. अडचण वेगळीच येते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या निबंधकाच्या सहीचा नमुना कार्यालयाकडे नसतो आणि जुळवायला काही नसेल तर अधिकारी प्रमाणपत्र देत नाही. घरात फ्रेममध्ये जपलेला पिवळा पडलेला मूळ दाखला पाठवण्याचा अट्टाहास न करता, त्याच नोंदीचा नवा उतारा सध्याच्या निबंधकाच्या सहीने काढावा. सही ताजी असल्याने काम अडत नाही आणि मूळ ठेवाही घरातच राहतो.

आता ज्या भागाला मी सर्वांत कमी गुण देईन, त्याकडे वळतो : नोटरीने साक्षांकित केलेल्या प्रती. खासगी व्यक्तीने सही केलेला कागद थेट अपोस्टिलसाठी चालत नाही. त्यावर नोटरीने प्रमाणपत्र लिहिले की ते प्रमाणपत्र सार्वजनिक दस्तऐवज ठरते आणि अपोस्टिल त्याला लागते. पदवीच्या, गुणपत्रकाच्या आणि पारपत्राच्या छायाप्रती या मार्गाने नेल्या जातात. परिणाम असा, की अपोस्टिल नोटरीच्या सहीची ग्वाही देते आणि नोटरी फक्त एवढेच म्हणतो, की ही प्रत मला दाखवलेल्या कागदासारखी आहे. पदवी खरी आहे की नाही, याबद्दल या साखळीत कोणीच काही म्हटलेले नसते. कराराने याची पर्वा केलेली नाही, कारण मजकुराची तपासणी हे त्याचे कामच नव्हे. परंतु घेणाऱ्या कार्यालयात या वरवरच्या अपोस्टिलचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. कधी प्रमाणाबाहेर विश्वास ठेवला जातो, आणि कधी फसवणुकीचा पूर्वानुभव असलेला अधिकारी प्रामाणिक कुटुंबाचा कागदही परत पाठवतो. म्हणून शैक्षणिक कागदांच्या बाबतीत शक्य तिथे विद्यापीठाच्या किंवा शासकीय मंडळाच्या अधिकाऱ्याची सही असलेल्या मूळ कागदावरच अपोस्टिल घ्यावे. प्रतीवरचे अपोस्टिल हा दुय्यम उपाय समजावा.

त्याच नोटरी मार्गाचा एक उपयोग मात्र अतिशय चांगला आहे. अल्पवयीन मूल एकाच पालकासोबत प्रवास करणार असेल, किंवा एकाच पालकाबरोबर दुसऱ्या देशात वास्तव्याला जाणार असेल, तेव्हा दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र मागितले जाते. येथे महत्त्व मजकुराच्या सत्यापनाला नसून, अमुक व्यक्तीने ओळख पटवून नोटरीसमोर सही केली या वस्तुस्थितीला आहे, आणि अपोस्टिल नेमकी तीच साखळी पक्की करते. पालक वेगवेगळ्या देशांत राहत असतील, तर हा कागद दुसऱ्या पालकाने आपल्या देशात करून त्याच देशाचे अपोस्टिल लावून पाठवावा. घटस्फोटित पालकांच्या बाबतीत ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेशही सोबत लागतो. न्यायालयीन दस्तऐवज कराराच्या कक्षेत स्पष्टपणे येतात, म्हणून त्यालाही अपोस्टिल मिळते.

अनुवादाच्या बाबतीत करार गप्प आहे, आणि ही उणीव कुटुंबाच्या खर्चात आणि वेळेत दिसते. काही देशांत त्यांच्याच यादीतल्या शपथबद्ध अनुवादकाचा अनुवाद लागतो. अमेरिकेच्या स्थलांतर नियमांत मात्र अनुवादकाने, अनुवाद पूर्ण व अचूक आहे आणि आपण तो करण्यास सक्षम आहोत, असे लेखी प्रमाणित केले तरी पुरते. यातला व्यवहारातला मुद्दा क्रमाचा आहे. शपथबद्ध अनुवाद मागणाऱ्या ठिकाणी दाखल्यासोबत त्यावरच्या अपोस्टिलचाही अनुवाद मागितला जाऊ शकतो, त्यामुळे आधी अनुवाद करून घेतला तर तो अपुरा ठरण्याची भीती असते. आधी अपोस्टिल, मग दाखला आणि अपोस्टिल या दोहोंचा एकत्र अनुवाद, आणि तो शक्यतो कागद जिथे द्यायचा त्या देशातल्या अनुवादकाकडून, हा क्रम सर्वांत सुरक्षित आहे. मूळ देशात केलेल्या अनुवादावर पुन्हा नोटरी आणि पुन्हा अपोस्टिल असा दुहेरी भुर्दंड त्यामुळे टळतो.

मुदतीबद्दल थोडक्यात. कराराने अपोस्टिलला कोणतीही कालमर्यादा घातलेली नाही. मुदत असते ती मूळ कागदाला किंवा घेणाऱ्या कार्यालयाच्या नियमाला : चारित्र्याचा दाखला किंवा अविवाहित असल्याचा दाखला काही महिन्यांपलीकडे चालत नाही, आणि काही देश जन्मदाखल्याचाही ताजाच उतारा मागतात. ‘अपोस्टिल जुने झाले’ असे कोणी म्हटले, तर जुने नेमके काय झाले, दाखला की प्रमाणपत्र, हे नम्रपणे पण लेखी विचारावे. पुष्कळदा तो नियम कर्मचाऱ्याच्या तोंडी असतो, कागदावर नसतो.

कागदाच्या हाताळणीबद्दल मला तक्रार नोंदवायची आहे. अपोस्टिल मूळ दाखल्यावरच छापले किंवा चिकटवले जाते, किंवा स्वतंत्र पुरवणी पानावर घेऊन दाखल्याला जोडले जाते. जोडणीसाठी टाचणी, फीत, लाख, ठसा अशा नाना रीती आहेत. पुरवणी पान दाखल्यापासून सुटे झाले, की ते कोणत्या दाखल्याचे होते याची खात्री देणारे काहीच उरत नाही, कारण दहा नोंदींमध्ये दाखला कोणाचा आहे याची नोंदच नसते. माझ्या मते मूळ नमुन्यातला हाच खरा दोष आहे. अर्जाच्या प्रती घेणाऱ्या एका सेवाकेंद्रात आमच्या मुलीच्या जन्मदाखल्याची टाचणी स्कॅन करण्यासाठी आमच्यादेखत काढण्यात आली, आणि ती काढू नका असे सांगितल्यावर ‘आम्ही परत लावतो’ असे उत्तर मिळाले. परत लावलेल्या टाचणीची दुहेरी छिद्रे पाहून पुढच्या कार्यालयाने शंका घेतली आणि नवा दाखला, नवे अपोस्टिल या सगळ्यातून आम्हाला पुन्हा जावे लागले. आई-वडिलांचे रजेचे दिवस, मुलीच्या शाळेच्या नोंदणीला झालेला उशीर आणि घरभर पसरलेली काळजी या सगळ्यांची किंमत त्या खिडकीवर कोणी मोजली नाही. अशा केंद्रांवर पाने न सोडवता स्कॅन करण्याची सूचना भिंतीवर लावलेली असावी, इतकी साधी माझी मागणी आहे.

याच शंकांवर कराराने पहिल्यापासून उपाय दिलेला आहे आणि तो सर्वांत कमी वापरला जातो. सातव्या कलमानुसार प्रत्येक सक्षम कार्यालयाने दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवायची असते. तीत क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा आणि सही नसलेल्या कागदाच्या बाबतीत शिक्का देणाऱ्या कार्यालयाचे नाव असते. कोणत्याही संबंधित व्यक्तीने मागणी केल्यास प्रमाणपत्रातला तपशील या नोंदवहीशी जुळतो की नाही हे त्या कार्यालयाने सांगितलेच पाहिजे. २००६ साली हेग परिषदेने इलेक्ट्रॉनिक अपोस्टिलचा कार्यक्रम सुरू केला. त्याचे दोन भाग आहेत : डिजिटल सही असलेले अपोस्टिल आणि इंटरनेटवरून तपासता येणारी नोंदवही. नोंदवहीचा भाग कागदी अपोस्टिललाही लागू पडतो. क्रमांक आणि तारीख टाकली, की प्रमाणपत्र दिले गेले होते की नाही हे जगाच्या दुसऱ्या टोकाचा अधिकारी बसल्या जागी पाहू शकतो. काही देशांत तर क्यूआर कोड छापलेला असतो. असे असूनही स्थलांतर कार्यालयातला माणूस शिक्क्याच्या शाईकडे आणि कागदाच्या पोताकडे पाहून निर्णय घेताना दिसतो, याचे वाईट वाटते. अर्जासोबत जोडायच्या पत्रात प्रत्येक अपोस्टिलचा क्रमांक, तारीख आणि त्या देशाच्या ऑनलाइन नोंदवहीचा पत्ता लिहून देण्याची सवय आम्ही लावून घेतली, तेव्हापासून खिडकीवरची चौकशी लक्षणीयरीत्या कमी झाली. संपूर्ण डिजिटल अपोस्टिल मात्र जपून घ्यावे. ते डिजिटल फाइलच्या स्वरूपातच खरे असते. त्याची छापील प्रत काढली की डिजिटल सही तपासता येत नाही, आणि पुष्कळ कार्यालये अजून छापील प्रतच मागतात.

ही सेवा घेण्याआधी ती खरोखर लागते का, हे पाहणे हाही कुटुंबाचा खर्च वाचवण्याचा मोठा मार्ग आहे. तिसऱ्या कलमातच म्हटले आहे, की देशांमध्ये यापेक्षा सोपी व्यवस्था असेल तर अपोस्टिल मागता येत नाही. युरोपीय संघातल्या देशांदरम्यान जन्म, विवाह, मृत्यू, वास्तव्य अशा दाखल्यांसाठी १६ फेब्रुवारी २०१९ पासून अपोस्टिलची गरज उरलेली नाही, आणि बहुभाषिक नमुना जोडून अनुवादही टाळता येतो. ८ सप्टेंबर १९७६ च्या व्हिएन्ना करारातल्या देशांचे बहुभाषिक उतारेही परस्परांत तसेच चालतात. काही स्थलांतर कार्यालये तर परदेशी दाखल्यावर कसलेही प्रमाणीकरण मागतच नाहीत. दुसऱ्या कुटुंबाने काय जोडले हे पाहून आपणही तेच जोडणे मला योग्य वाटत नाही. अर्जाच्या सूचनांमध्ये ‘प्रमाणित’ आणि ‘अपोस्टिलसह’ असे वेगवेगळे लिहिलेले असते, तो फरक शब्दशः पाळावा.

शेवटी, जे देश करारात नाहीत त्यांच्यासाठी जुनी वकिलातीची साखळी आजही कायम आहे. शिवाय दोन्ही देश सदस्य असले म्हणजे करार त्यांच्यात लागू असतोच, असेही नाही. नवा देश करारात सामील झाला, की आधीच्या सदस्यांना सहा महिन्यांच्या आत हरकत घेता येते, आणि तशी हरकत असेल तर त्या दोन देशांपुरता करार चालत नाही. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाची स्थिती, हरकती आणि सक्षम कार्यालयांची यादी विनाशुल्क उपलब्ध आहे. कोणत्याही मध्यस्थाला पैसे देण्यापूर्वी त्या तक्त्यात दोन्ही देशांची नावे एकमेकांसमोर ठेवून पाहावीत. हरकत नोंदलेली दिसली, तर अपोस्टिलच्या अर्जाऐवजी ज्या देशात कागद द्यायचा त्याच्या वकिलातीत साक्षांकनाची वेळ घ्यावी, आणि ती मिळायला लागणारे दिवस चारित्र्याच्या दाखल्याच्या मुदतीतून वजा करूनच तो दाखला काढायला टाकावा.